फळीवरच्या पट्टीतला 'दर १०० ग्रॅम' भाव कितपत खरा मानावा?

काटेकोर (धागाकर्ते):

सुपरमार्केटमध्ये पाकिटाची ठळक अक्षरांतली किंमत मी जवळजवळ पाहतच नाही. तिच्याखाली बारीक टायपात 'दर १०० ग्रॅम' किंवा 'दर किलो' असा जो भाव असतो, तो पाहून मी माल निवडतो. एकाच मालाची पाकिटे ३४० ग्रॅम, ४२५ ग्रॅम, ७३० ग्रॅम अशा आडनिड्या वजनांत येऊ लागल्यापासून उभ्या उभ्या तोंडी भागाकार करणे मला जमत नाही. तो भागाकार दुकानाने आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे, या विश्वासावर माझी बरीच वर्षांची खरेदी चालली आहे.

मागच्या महिन्यात त्या विश्वासाला तडा गेला. ओट्सची दोन पाकिटे शेजारी शेजारी होती, एक ५०० ग्रॅमचे आणि एक मोठे. पट्टीप्रमाणे मोठे पाकीट १०० ग्रॅममागे ८ टक्क्यांनी स्वस्त पडत होते, म्हणून मी ते घेतले. घरी डब्यात ओतले तेव्हा ओट्स नेहमीच्या खुणेपर्यंत पोहोचले नाहीत. पाकीट उलटून पाहिले, तर निव्वळ वजन ९०० ग्रॅम लिहिलेले होते. पूर्वी ते पाकीट १ किलोचे असे. वजन घटले होते, किंमत तीच राहिली होती आणि पट्टीवरचा भाव मात्र जुन्या १ किलोनेच भागून छापलेला होता. लहान पाकिटाचा भाव १०० धरला, तर मोठ्याचा भाव पट्टीप्रमाणे ९२ आणि खऱ्या हिशेबाने १०२.२ येतो. जे स्वस्त म्हणून उचलले, तेच महाग होते.

दुकानात जाऊन सांगितल्यावर त्यांनी फरकाचे पैसे परत दिले, परंतु पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा पट्टी तीच होती. म्हणून येथे विचारतो. असे अनुभव इतरांनाही आले आहेत का? आणि हा भाव वापरायचा असेल, तर त्यातले काय काय आधी तपासून घ्यावे?

निळी शाई:

हा अनुभव मला पुसण्याच्या कागदी रोलच्या बाबतीत आला. एका पाकिटाचा भाव 'दर नग' होता, दुसऱ्याचा 'दर १०० पाने'. या दोहोंची तुलना कशी करायची, हे पट्टी लिहिणाऱ्यालाही सांगता आले नसते. आपला दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यावर येथे सविस्तर लिहिले जावे.

वजनमाप:

मी अनेक वर्षे एका किरकोळ विक्री साखळीच्या मालनोंदणी विभागात काम केले आहे, त्यामुळे ही चूक आतून कशी घडते ते सांगू शकतो.

प्रत्येक वस्तूची संगणकात एक नोंद असते. तिच्यात बारकोडचा क्रमांक, विक्रीची किंमत, आतल्या मालाचे परिमाण, त्या परिमाणाचे एकक आणि तुलना कोणत्या एककात दाखवायची ते एकक, असे रकाने असतात. पट्टीवरचा भाव कोणी माणूस काढत नाही, छपाईची प्रणाली किमतीला परिमाणाने भागते आणि निघालेला आकडा छापते. किंमत बदलली की ती मुख्य कार्यालयातून आपोआप उतरते, कारण गल्ल्यावर ती चुकली तर त्याच दिवशी आरडाओरडा होतो. परिमाणाचा रकाना मात्र वस्तू पहिल्यांदा नोंदवताना भरला जातो आणि नंतर त्याकडे कोणी फिरकत नाही. तो चुकला तरी बिल बरोबरच येते, म्हणून आतून ती चूक कोणाच्याही लक्षात येत नाही.

बारकोडचे क्रमांक ज्यांच्या व्यवस्थेतून दिले जातात, त्या जीएस-१ या संस्थेच्या नियमांप्रमाणे वेष्टनावर घोषित केलेले निव्वळ परिमाण बदलले की वस्तूला नवा क्रमांक द्यावा लागतो. उत्पादकाने तो नियम पाळला नाही, तर दुकानाच्या दृष्टीने वस्तू जुनीच राहते आणि भाजकही जुनाच राहतो. क्रमांक नवा दिला, तरी धोका संपत नाही. नवी नोंद करताना वेळ वाचावा म्हणून जुन्या नोंदीची प्रत काढून नाव आणि क्रमांक तेवढे बदलण्याची पद्धत आमच्याकडे होती, आणि परिमाणाचा रकाना जुन्या आकड्यासह तसाच पुढे जात असे. काटेकोर यांच्या बाबतीत या दोहोंपैकी एक घडले असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. फसवण्याचा हेतू त्यात असेलच, असे मला वाटत नाही.

उंबरठा:

वजनमाप यांनी यंत्रणा उत्तम उलगडून सांगितली, त्याबद्दल त्यांचे आभार. मात्र त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. निव्वळ चुका असत्या, तर त्या दोन्ही बाजूंना सारख्याच पडल्या असत्या. पाकिटांची वजने वाढण्यापेक्षा घटण्याचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे जुना भाजक राहून गेला, तर पट्टीवरचा भाव बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. ज्या चुकीचा लाभ नेहमी एकाच पक्षाला मिळतो, ती शोधून काढण्याची जबाबदारीही त्याच पक्षावर असली पाहिजे. हेतू सिद्ध होवो वा न होवो, नुकसान ग्राहकाचेच होते.

वजनमाप:

उंबरठा यांचा मुद्दा मान्य आहे. गल्ल्यावरची किंमत आणि पट्टीवरची किंमत जुळते की नाही, याची तपासणी आमच्याकडे नियमित होत असे. पट्टीवरचे वजन आणि पाकिटावरचे वजन जुळते की नाही, याची तपासणी माझ्या संपूर्ण कार्यकाळात एकदाही झाली नाही. ते काम कोणाच्याच कामांच्या यादीत नव्हते.

पायवाट:

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते मला ठाऊक आहे तेवढे लिहितो, कारण चूक नेमकी कोणाची हे ठरवताना त्याचा उपयोग होईल.

युरोपीय संघाने १६ फेब्रुवारी १९९८ रोजी ९८/६/ईसी हा निर्देश काढला. विक्रीची किंमत आणि एककामागची किंमत या दोन्ही दाखवाव्यात, त्या निःसंदिग्ध, सहज ओळखता येतील अशा आणि स्पष्ट वाचता येतील अशा असाव्यात, असे तो सांगतो. एकक म्हणून किलो, लिटर, मीटर, चौरस मीटर किंवा घनमीटर सांगितले आहे, पण एखाद्या मालासाठी त्या देशात दुसरे एकक सर्रास रूढ असेल, तर ते वापरण्याची मुभाही आहे. निळी शाई यांनी सांगितलेला 'दर नग' आणि 'दर १०० पाने' हा गोंधळ शिरतो तो अशाच मोकळीकीतून. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९ पासून मोठ्या सुपरमार्केटांना एककामागची किंमत दाखवण्याची संहिता बंधनकारक आहे. तेथे सर्वसाधारण एकक १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर असून काही मालांसाठी वेगळी एकके नेमून दिली आहेत. कॅनडात क्वेबेक प्रांतात सक्ती आहे. अमेरिकेत संपूर्ण देशासाठी अशी सक्ती नाही, काही राज्यांनी ती केली आहे. न्यूझीलंडने आपले नियम २०२३ मध्ये आणले.

ब्रिटनचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. तेथे किमती दाखवण्याविषयीचा २००४ चा आदेश होता, तरीही २०१५ मध्ये 'विच?' या ग्राहक संघटनेने किराणा मालाच्या दिशाभूल करणाऱ्या किमतींबाबत स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाकडे विशेष तक्रार दाखल केली. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये एककामागच्या किमतींचा स्वतंत्र आढावा घेतला. त्यातही वेगवेगळी एकके, वाचता न येणारी अक्षरे आणि सवलतीच्या मालावर हा भाव नसणे, हेच दोष पुन्हा आढळले. नियम असून एवढ्या वर्षांनी हीच अवस्था असेल, तर नियमाची भाषाच अधिक काटेकोर करावी लागते, असे माझे मत झाले आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१८ मध्ये आयएसओ २१०४१ हे मार्गदर्शक मानक काढले आहे, परंतु ते मार्गदर्शन आहे, सक्ती नाही.

साधा ग्राहक:

पायवाट यांच्या यादीत भारताची भर घालतो, कारण तेथील नियमातून एक वेगळाच दोष समजतो. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि एककामागची किंमत पाकिटावरच छापणे उत्पादकावर आले. निव्वळ वजन १ किलोपेक्षा कमी असेल, तर दर ग्रॅम आणि जास्त असेल, तर दर किलो भाव दोन दशांश स्थळांपर्यंत द्यायचा असतो. पाकिटावरच छापल्यामुळे काटेकोर यांच्यासारखी जुन्या वजनाची चूक टळण्याची शक्यता बरीच वाढते, हा त्याचा मोठा गुण आहे, कारण वजन आणि भाव दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच हाताने छापले जातात.

दोष असे आहेत. ९०० ग्रॅमचे पाकीट ग्रॅमचा भाव सांगते आणि शेजारचे दीड किलोचे किलोचा, म्हणजे तुलना करण्यासाठी ग्राहकाला हजाराने गुणावेच लागते. दुसरे, ग्रॅमचा आकडा मुळातच लहान असतो. समजा, दोन पाकिटांचे भाव ग्रॅममागे ०.०८४ आणि ०.०७६ आले. दोन दशांशांपर्यंत पूर्ण केल्यावर दोन्ही ठिकाणी ०.०८ छापले जाईल आणि १० टक्क्यांहून अधिक असलेला फरक कागदावरून नाहीसा होईल. तिसरे, हा भाव कमाल किरकोळ किमतीवरून काढलेला असतो. दुकानदाराने एका पाकिटावर सवलत दिली आणि दुसऱ्यावर दिली नाही, तर छापलेल्या दोन्ही आकड्यांचा प्रत्यक्ष दिलेल्या पैशांशी मेळ राहत नाही.

शेवटचा बाक:

सवलतीचा मुद्दा निघाला, म्हणून लिहितो. 'एकावर एक मोफत' किंवा 'तीन घ्या, दोनचे पैसे द्या' असे लिहिलेल्या मालाच्या पट्टीवर एका नगाच्या मूळ किमतीवरूनच भाव काढलेला मी पाहिला आहे. सभासदांसाठीच्या किमतीचेही तेच, मोठ्या अक्षरांत सभासदाची किंमत आणि खाली बिनसभासदाच्या किमतीवरून काढलेला भाव. या प्रकारात भाव खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणजे उंबरठा यांच्या म्हणण्याच्या उलट. तरीही दिशाभूल होतेच, कारण शेजारच्या सवलत नसलेल्या मालाशी तुलना करणारा माणूस चुकीचा माल उचलतो.

'५० टक्के जास्त माल' ही पाटी तर आणखी विचार करायला लावणारी आहे. तेवढ्याच किमतीत ५० टक्के जास्त मिळणे म्हणजे भावात एक तृतीयांश, अर्थात ३३.३ टक्के घट. लोकांना मात्र ५० टक्के जास्त माल ३५ टक्के सवलतीपेक्षा चांगला वाटू शकतो. लोक मूळ आकड्याचा विचार न करता केवळ टक्केवारी पाहतात आणि म्हणून जादा मालाला झुकते माप देतात, हे दाखवणारे संशोधन २०१२ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये प्रसिद्ध झाले आहे. एककामागचा भाव बरोबर छापलेला असेल, तर ही चूक होतच नाही, कारण दोन्ही पट्ट्यांवर थेट तुलनेचे आकडे दिसतात. म्हणूनच हा भाव सवलतीच्या मालावर सर्वांत जास्त गरजेचा असतो, आणि नेमका तेथेच तो गायब असतो.

संधिप्रकाश:

आपण सर्व जण आकडा वाचता येतो, हे गृहीत धरून बोलत आहात. माझी दृष्टी अधू आहे. ठळक किंमत मला हातभर अंतरावरून दिसते, पण एककामागचा भाव वाचण्यासाठी नाक पट्टीला लावावे लागते, आणि तळाच्या फळीवरच्या मालासाठी जमिनीवर बसावे लागते. 'स्पष्ट वाचता येईल असे' हे शब्द ज्याने त्याने आपल्या सोयीने लावले आहेत. अक्षराची किमान उंची मिलिमीटरमध्ये ठरवून दिल्याशिवाय आणि ठळक किमतीच्या निदान निम्मा आकार या भावाला दिल्याशिवाय ही माहिती माझ्यासारख्या अनेकांसाठी अस्तित्वातच नाही. रंगही पाहावा. पिवळ्या पट्टीवर करड्या अक्षरांत लिहिलेला आकडा मला कोरा कागद वाटतो.

निळी शाई:

संधिप्रकाश यांच्या प्रतिसादाला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

रिकामी बरणी:

एक वेगळा विचार मांडते. हा आकडा अगदी बरोबर असला, तरी तो घरी वाया जाणारा माल मोजत नाही. आम्ही घरात दोघेच आहोत. बरीच वर्षे मी १०० ग्रॅममागचा भाव पाहून मोठी पाकिटे घेत आले, आणि त्यांतला काही भाग मुदत उलटल्यावर फेकत आले. मग मी दोन महिने एका वहीत टाकलेल्या मालाचे वजन लिहून ठेवले. हिशेब सोपा आहे. मोठे पाकीट भावाने २० टक्के स्वस्त असेल, तर त्यातला पाचवा हिस्सा फेकला की फायदा शून्य होतो आणि त्याहून जास्त फेकला की तोटा सुरू होतो. नासणाऱ्या मालात माझा पाचव्या हिश्शाहून जास्त माल फेकला जात होता. आता अशा मालासाठी मी लहान पाकीट घेते आणि साबण, मीठ, कागद यांसारख्या टिकाऊ मालासाठीच मोठे घेते.

साधा ग्राहक:

रिकामी बरणी यांच्या अनुभवात एवढीच भर घालतो की टिकाऊ मालातही मोठे पाकीट स्वस्तच असते, असे गृहीत धरू नये. मोठ्या पाकिटाचा एककामागचा भाव लहानापेक्षा जास्त असण्याच्या प्रकाराला 'क्वांटिटी सरचार्ज' म्हणतात आणि त्यावर १९७० च्या दशकापासून लिहिले गेले आहे. 'फॅमिली पॅक', 'बचत पॅक' ही केवळ नावे आहेत. काटेकोर यांचे ओट्स अखेर याच जातीचे निघाले.

चौकट:

धुण्याच्या साबण-पावडरीबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. तेथे किलोमागचा भावच दिशाभूल करतो. एक पावडर साधी असते, दुसरी संहत, म्हणजे कमी मात्रेत काम करणारी. दुसरीचा किलोचा भाव दुप्पट असला आणि धुण्यामागे ती एक तृतीयांशच लागत असली, तर तीच स्वस्त पडते. म्हणून अशा मालाचा भाव 'दर धुणे' असाच द्यावा, किलोमागचा भाव काढूनच टाकावा, असे मला वाटते.

उंबरठा:

चौकट यांचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष धोक्याचा आहे. किलो ही गोष्ट कोणीही तोलून पाहू शकतो. 'एक धुणे' म्हणजे किती, हे उत्पादक सांगतो. त्याने मात्रा ७५ ग्रॅमऐवजी ६० ग्रॅम लिहिली की त्याच पुड्यातून २५ टक्के जास्त धुणी निघतात आणि भाव कागदावर २० टक्क्यांनी उतरतो. पावडर तीच आणि कपड्यांचा मळही तोच राहतो. ज्याच्याकडे विक्रीचा लाभ आहे, त्याच्याच हातात मोजपट्टी देणे मला मान्य नाही.

पायवाट:

यावर युरोपात निदान एक आधार आहे. तेथील धुलाईच्या द्रव्यांविषयीच्या ६४८/२००४ या विनियमात प्रमाण धुणे ठरवून दिले आहे, नेहमीच्या कपड्यांसाठीच्या पावडरीला ४.५ किलो कोरडे कपडे आणि नाजूक कपड्यांसाठीच्या द्रव्याला २.५ किलो. मात्रा आणि धुण्यांची संख्या या प्रमाणावरून सांगावी लागते. म्हणजे उत्पादकाला धुण्याची व्याख्या मनाप्रमाणे करता येत नाही. तरीही मात्रा किती पुरते हा दावा त्याचाच राहतो, आणि ज्याच्या घरचे यंत्र ८ किलोचे आहे, त्याला 'दर धुणे' भाव आपल्या घराला लागू पडत नाही हे लक्षात ठेवावे लागते. दोन्ही भाव शेजारी शेजारी द्यावेत, हा मार्ग मला योग्य वाटतो.

चौकट:

दोन्ही भाव द्यावेत, हे मला पटले. किलोचा भाव काढून टाकण्याची सूचना मी मागे घेतो.

वजनमाप:

एकक बरोबर असूनही तुलना चुकते, असे आणखी काही प्रकार आमच्या कामात आढळत, ते नोंदवतो.

पहिला, आकारमान आणि वजन यांची सरमिसळ. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. १ लिटर सोयाबीन तेलाचे वजन नेहमीच्या तापमानाला सुमारे ९२० ग्रॅम भरते. एका बाटलीचा भाव लिटरमागे आणि दुसरीचा किलोमागे असेल आणि दोन्ही आकडे सारखे दिसत असतील, तर लिटरवाली बाटली प्रत्यक्षात सुमारे ९ टक्के महाग पडते.

दुसरा, आइस्क्रीम. ते लिटरमध्ये विकले जाते आणि त्यात फेटलेली हवा असते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे एका गॅलन आइस्क्रीमचे वजन किमान ४.५ पौंड असावे लागते, म्हणजे लिटरला साधारण ५४० ग्रॅम. दाट आइस्क्रीम याहून बरेच जड असते. लिटरमागचा भाव हवेलाही मालाइतकीच किंमत लावतो, त्यामुळे येथे डबा हातात घेऊन वजन वाचणे हाच उपाय आहे.

तिसरा, पाण्यातला डबाबंद माल. डब्यात एकूण ४०० ग्रॅम आणि निथळल्यावर २४० ग्रॅम असेल, तर निव्वळ वजनाने काढलेला भाव खऱ्या मालाच्या भावाचा ६० टक्केच दिसतो. युरोपीय निर्देशात यासाठी निथळलेल्या वजनावरून भाव देण्याची तरतूद आहे. बर्फाचा थर दिलेल्या गोठवलेल्या मालाचेही तसेच, तेथे ११६९/२०११ या विनियमानुसार तो थर निव्वळ वजनात धरता येत नाही. असा नियम जेथे नाही, तेथे ग्राहक पाण्याला मालाचा भाव देतो.

साधा ग्राहक:

कागदी रोलांचे राहिले. 'दर १०० पाने' हा भाव एकसारखा केला, तरी पानाची लांबी-रुंदी आखडली की तोही निरुपयोगी होतो. चौरस मीटरचा भाव द्यावा, आणि पदर किती ते शेजारी लिहावे.

शेवटचा बाक:

वजन घटवण्याच्या प्रकाराबद्दल फ्रान्सने केलेली गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १ जुलै २०२४ पासून तेथे ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना, एखाद्या मालाचे परिमाण घटून एककामागचा भाव वाढला असेल, तर तसे मालाजवळ दोन महिने लिहून लावावे लागते. जुने परिमाण, नवे परिमाण आणि भावातली वाढ, असे सर्व त्यात येते. काटेकोर यांच्या ओट्सवर अशी पाटी असती, तर त्यांना डब्यातली खूण पाहून शोध लागण्याची वेळ आली नसती. शिवाय ही पाटी लिहायची, तर दुकानाला आपल्याच नोंदीतले परिमाण बदलल्याची दखल घ्यावी लागते. वजनमाप यांनी सांगितलेले, कोणाच्याच यादीत नसलेले काम त्यामुळे कोणाच्या तरी यादीत येते.

रिकामी बरणी:

ऑनलाइन खरेदीत तरी हे सुधारले असेल, अशी माझी समजूत होती, कारण तेथे जागेची टंचाई नाही आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. प्रत्यक्षात मी जे संकेतस्थळ वापरते, तेथे मालाची मांडणी किमतीप्रमाणे करता येते, एककामागच्या भावाप्रमाणे करता येत नाही. किमतीच्या क्रमाने लावले की सर्वांत लहान पाकिटे वर येतात, आणि बहुतेकदा तीच सर्वांत महाग असतात.

पायवाट:

याला पन्नास वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात संशोधक जे. एडवर्ड रुसो यांनी दुकानात एकाच प्रकारच्या मालाचे एककामागचे भाव क्रमाने लावून त्यांची एकत्र यादी टांगली. सुट्या पट्ट्यांवर विखुरलेल्या भावांपेक्षा या एका यादीने लोकांची निवड स्वस्त मालाकडे अधिक वळवली. कागदाच्या काळात ती यादी सतत बदलणे कष्टाचे होते. संगणकाला ते काम क्षणाचे आहे, त्यामुळे ही सोय न देण्याला तांत्रिक कारण मला दिसत नाही.

काटेकोर (धागाकर्ते):

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या प्रतिसादांनंतर मी गेले तीन आठवडे प्रत्येक खेपेला दहा वस्तूंच्या पट्ट्या तपासल्या. पाकिटावरचे निव्वळ वजन वाचले, मोबाइलवर भागाकार केला आणि पट्टीशी ताडून पाहिला. तीस वस्तूंपैकी चार ठिकाणी आकडा जुळला नाही. दोन ठिकाणी वजन जुने होते, एका ठिकाणी सवलतीची किंमत धरलेली नव्हती आणि एका ठिकाणी सहा बाटल्यांच्या संचाचा भाव एका बाटलीच्या परिमाणाने काढलेला होता, त्यामुळे तो सहापट दिसत होता. माझी ही मोजणी एका दुकानापुरती आणि तीसच वस्तूंची आहे, त्यामुळे तिच्यावरून सर्वत्र असेच असते, असे मी म्हणणार नाही.

माझ्या दुसऱ्या प्रश्नापुरते सांगायचे, तर मी आता हा भाव पाहण्याआधी तीन गोष्टी पाहतो. दोन्ही पट्ट्यांवर एकक एकच आहे का, पाकिटावरचे वजन आणि पट्टीवर लिहिलेले वजन जुळते का, आणि मी प्रत्यक्ष देणार आहे तीच किंमत भागाकारात धरली आहे का. हे तपासायला वस्तूमागे अर्धे मिनिट लागते, म्हणून सर्व मालासाठी ते शक्य नाही. जो माल दर महिन्याला घरात येतो, त्याच्यासाठी मी ते करतो.

वजनमाप यांना एक विचारतो. तक्रार गल्ल्यावर केली की पैसे परत मिळतात, पण पट्टी बदलत नाही. ती बदलावी, यासाठी नेमके कोणाला आणि काय लिहावे?

वजनमाप:

गल्ल्यावरच्या माणसाला परिमाणाचा रकाना उघडताच येत नाही. तो फक्त फरकाची रक्कम परत करू शकतो, म्हणून त्याच्याकडे केलेली तक्रार तेथेच संपते. आपण साखळीच्या मुख्य कार्यालयाला लिहावे आणि 'किंमत चुकली' असे न लिहिता 'बारकोड क्रमांक अमुक, नोंदीतले निव्वळ परिमाण चुकीचे आहे, पाकिटावर ९०० ग्रॅम आहे' असे लिहावे. किमतीची तक्रार किंमत पाहणाऱ्या विभागाकडे जाते, त्यांना त्यांची किंमत बरोबर दिसते आणि ते ती बंद करतात. परिमाणाची तक्रार मालनोंदणीकडे जाते. सोबत पट्टीचे छायाचित्र, पाकिटावरच्या वजनाचे छायाचित्र आणि बारकोडचे छायाचित्र अशी तीन चित्रे जोडावीत. दहा दिवसांत काही झाले नाही, तर तोच मजकूर आपल्याकडच्या वजनमापे तपासणाऱ्या सरकारी खात्याला पाठवावा आणि त्याची प्रत साखळीला द्यावी.

काटेकोर (धागाकर्ते):

चारही वस्तूंसाठी सांगितल्याप्रमाणे लिहून पाठवले होते. ओट्सची आणि बाटल्यांच्या संचाची पट्टी सहाव्या दिवशी बदलली. ओट्सच्या नव्या पट्टीवर ९०० ग्रॅम लिहिले आहे आणि १०० ग्रॅममागचा भाव शेजारच्या लहान पाकिटापेक्षा जास्त दिसतो. उरलेल्या दोन वस्तूंसाठी दहा दिवस पुढच्या सोमवारी पूर्ण होतात. त्यानंतर काय होते, ते येथे लिहीन.